बारवाला घेत नाही तो पैसा

मी पैसा पाडायला बसले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी भाकऱ्या थापायला बसले होते. गुजरातच्या सीमेवरच्या नरोलीत, भिलाडच्या रस्त्याला लागून भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिच्यातली कडेची खोली आणि पुढची पत्र्याची शेड म्हणजे माझी खानावळ. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. आमच्या धुळे-नंदुरबारकडची पोरं इथं आणि मसाटला कंपन्यांत शिफ्टा करतात, आणि घरचं जेवण आठवलं की माझ्याकडं येतात. जयाची जीभ ठेच्याहून तिखट, असं तीच पोरं म्हणतात. म्हणू देत. जेवायला तर इथंच येतात.

झाकणं सुरू झाली ती भांडणापायी. महिना भरला की एकेक जण उभा राहायचा. "वहिनी, मंगळवारी मी आलोच नव्हतो." "वहिनी, मी तर एकच वेळ जेवलो." मी काय पोलीस आहे, कोण कधी आला ते टिपून ठेवायला? आमचे हे, गोकुळ, बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर आहेत. बिघडलेला माल तिथून भंगारवाला किलोवर उचलतो. त्या भंगारवाल्याकडून मी निळ्या झाकणांचं एक पोतं विकत घेतलं, सळई तापवून एकेका झाकणावर 'ज' डागला आणि जाहीर करून टाकलं. पगाराला पैसे द्यायचे, झाकणं न्यायची. एक झाकण, एक ताट. नाही आलात तर झाकण तुमच्या खिशात राहील, माझ्या डोक्याला ताप नको.

माझा ताप गेला. पण मग बायकांचं लक्ष झाकणांकडं गेलं.

पहिली आली रोशनी. आमच्या ओळीतच राहते, तळोद्याकडची, धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला जायची. नवरा पप्पू. माणूस वाईट नाही, हे मी दहा वेळा ऐकलंय आणि दहाही वेळा मला राग आलाय. वाईट नाही, फक्त पगाराच्या दिवशी घरी पोचत नाही. कसा पोचेल? सीमेपलीकडं गुजरातेत दारूबंदी, म्हणून तिकडची सगळी तहान इकडं येते. कंपनीच्या फाटकापासून आमच्या खोलीपर्यंत चालत या, बार मोजता मोजता दमाल. पप्पूचा पगार वाटेतच आटायचा, मग तो रोशनीचा पगार शोधायचा. तांदळात, उशीत, देवाच्या फोटोमागं, कुठंही ठेवा, त्याला सापडायचा.

एका पगाराला रोशनी कंपनीच्या बसमधून उतरली ती तडक माझ्याकडं. "ताई, मला झाकणं दे."

"तू तर घरी रांधतेस. तुला कशाला?"

"दे तर."

दिली. पावडरच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तिनं ती भरून फळीवर उघड्यावर ठेवली. पप्पूनं डबा उघडला, आत निळी झाकणं. त्यानं हलवून बघितला आणि परत ठेवला. झाकणाचं तो काय करणार? बारवाला झाकण घेत नाही.

झालं. पुढच्या पगाराला आमच्या ओळीतल्या आणि पलीकडच्या चाळीतल्या बायका रांगेनं. मला हसू यायचं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचे हमाल माझ्याकडं जेवतात, म्हणून त्यानं झाकणावर साबण, चहापत्ती द्यायला सुरुवात केली. मग भाजीवाली उषा घ्यायला लागली, कारण तिला किराणावाल्याकडं तेल मिळायचं. असं करत माझं झाकण माझ्याही नकळत नरोलीभर हिंडायला लागलं. कुठून कुठं जाऊन आलं, कोणी काय घेतलं, मला काय पत्ता? माझ्याकडं येईल त्याला मी ताट वाढत होते.

रोशनीला दिवस गेले तेव्हा तिनं माझ्याशी एक ठराव केला. तिला आई नाही. माहेरी सावत्र आई, ती म्हणाली बाळंतपण मला झेपणार नाही. सासू कधीच गेलेली. सातव्या महिन्यापासून तिनं काम सोडलं होतं. एका दुपारी ती माझ्या शेडमध्ये बसून म्हणाली, "ताई, डब्यात साठलीत ती झाकणं मी साबणाला नाही वापरणार. सव्वा महिना तू मला जेवायला घालशील? बाळंतिणीचं?"

आता बाळंतिणीचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, वर साजूक तूप. तिखट नाही, तळलेलं नाही. मी म्हटलं, "घालीन. झाकण दे, ताट घे." आणि तिनं पहिल्यांदा पाय पसरून भिंतीला पाठ टेकली. तेवढं बघूनच मला गलबलून आलं, पण मी तिला म्हटलं, ऊठ, मला झाडायचंय.

माझी झोप उडवली ती शशिकांत साहेबांनी.

शशिकांत साहेब मसाटच्या एका कंपनीत मॅनेजर. घर पुण्याला, बायको-मुलगा तिकडं, हे इथं एकटे. संध्याकाळी गाडी लावून माझ्या शेडमध्ये बसतात आणि शेवभाजी खाताना नाक पुसत राहतात. शिकलेला माणूस, पण जेवल्यावर ताट उचलून ठेवतो. त्या दिवशी भाजीवाली उषा आली आणि तिनं माझ्याकडून ताट न घेता झाकणं मोडून मागितली, म्हणजे झाकणांचे रोख पैसे. मी दिले. साहेब बघत होते.

"जयाबाई," ते म्हणाले, "तुम्ही नोटा छापताय."

माझं डोकं सटकलं. "चोर म्हणताय का साहेब मला?"

"नाही हो. कौतुक करतोय." आणि मग त्यांनी तो विषय काढला. एरवी हा माणूस चार शब्द बोलत नाही, त्या दिवशी भाकरी गार झाली तरी थांबेना. म्हणाले, "आपण फुटकी कवडी म्हणतो ना? एके काळी कवडी खरंच बाजारात चालायची. शिंपलाच तो. ना खाता येत, ना पांघरता येत. तरी लोक त्यावर मीठ-धान्य देत होते."

"येडे होते का?"

"नाही. पुढचाही घेईल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्या घरमालकाकडं ते पोर्तुगीज नाणं आहे ना?"

आहे. घरमालक इथलाच, जुना. त्याच्या आजोबांची नाणी होती, त्यातलं एक त्याच्या सुनेनं डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवलंय. मी स्वतः बघितलंय.

"याच नरोलीत एके काळी त्या नाण्यासाठी दुकानदार जागचा उठायचा. चौपन्न साली पोर्तुगीज गेले. नाणं तेच, धातू तोच. घेणारा गेला. आता ते कपाट सांभाळतंय."

मला नोटाबंदी आठवली. पिठाच्या पिंपात लपवलेल्या माझ्या पाचशेच्या नोटा, आणि बँकेपुढची ती रांग. नोट तीच होती. सकाळी तिला पैसा म्हणत होतो, रात्री टीव्हीवर कोणीतरी बोललं आणि मी पिंपात हात घालून बसले. 

साहेबांनी पाकिटातून शंभराची नोट काढून माझ्यापुढं धरली. "वाचा."

वाचलं. हिंदीत लिहिलंय, मी धारकाला शंभर रुपये द्यायचं वचन देतो. इतकी वर्षं नोटा हाताळल्या, कधी वाचलं नव्हतं.

"धारक म्हणजे ज्याच्या हातात आहे तो. चांगला की वाईट, नोट त्याच्याकडं कशी आली, ते विचारायचं नाही. द्यायचं. तुमचं झाकणही तेच आहे. त्याच्यामागं तुमची भाकरी आहे, म्हणून किराणावाला घेतो. ज्या दिवशी तुम्ही एका माणसाला, एकाच, 'तुझं झाकण नाही घेत' म्हणाल, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे तुमच्या दारात येतील. आणि सगळ्यांना एकदम ताट देण्याइतकं पीठ कोणाकडंच नसतं. बँकेकडंही नसतं."

"म्हणजे आता मी काय करू?"

"काही नाही. फक्त हे ठाऊक असू द्या." मग पाणी पिऊन त्यांनी सहज विचारलं, "बाहेर किती झाकणं आहेत तुमची?"

मला ठाऊक नव्हतं. एक पोतं होतं, मग दुसरं आणलं. पोत्यात किती, डब्यांत किती, उशांखाली किती, देव जाणे.

त्या दिवसापासून माझं कशात मन लागेना. भाकरी तव्यावर आणि मी पिंपाचं झाकण उचलून पीठ बघतेय. रस्त्यावर दोन बायका बोलताना दिसल्या की मला वाटायचं, माझंच बोलताहेत, आता येतील. बाजरीचं एक पोतं जास्तीचं आणून ठेवलं, तरी जिवाला चैन नाही. माझ्याकडं भाकऱ्या करायला साक्रीच्या कोंडाबाई आहेत, वयानं थोर. त्या माझ्याकडं बघून बघून वैतागल्या. "काय वं जया, भूत लागनं का तुले?" भूतच लागलं होतं, निळं. साहेबांना मी तोंडावर सांगितलं, तुम्ही बोलला नसता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कदाचित." आणि ठेचा मागितला.

मग एका दुपारी सुकदेव आला. सुकदेव म्हणजे ललितभाईच्या बारमधला वेटर. ललितभाईचा बार रस्त्यापलीकडं, मोठा, बाहेर गाड्या लावायला जागा असलेला, शनिवारी वापी-वलसाडकडची गर्दी तिथंच. सुकदेवनं खिशातून झाकणं काढली आणि शेवभाजीची पार्सलं मागितली. मला वाटलं, तो कधीतरी जेवायला येतो, त्याचीच असतील. मी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. एकदम सगळ्या. रांगेत नाही, घोळक्यानं. पुढं उषा.

"जया, तुझं झाकण बारमध्ये चालायला लागलंय."

म्हणाल्या, ललितभाईचा स्वयंपाकी पळून गेलाय. त्याला गिऱ्हाईकांपुढं ठेवायला जेवण हवंय. महिनाअखेरीला कोणीतरी रिकाम्या खिशानं आला आणि त्यानं गल्ल्यावर झाकणं ठेवली. ललितभाईनं ती उलटीपालटी करून बघितली, दोन झाकणांना एकाचा भाव लावला आणि बाटली दिली. आता सगळे नवरे घरातले डबे धुंडाळताहेत.

ज्यासाठी बायकांनी झाकण धरलं होतं ते कारणच गेलं. आणि गेलं का? तर माझं झाकण चोख म्हणून. मी एकालाही कधी परत पाठवलं नव्हतं, म्हणून दारूवाल्याचाही त्याच्यावर भरवसा बसला. हसावं का रडावं कळेना.

"त्याची झाकणं घेऊ नकोस," उषा म्हणाली. सगळ्या तेच म्हणाल्या.

मी तोंड उघडलं होतं. 'नाही घेणार' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. शेडमध्ये किराणावाल्याचे हमाल जेवत होते, त्यांचे हात थांबले होते, ते ऐकत होते. मला ती शंभराची नोट आठवली. धारकाला. मी आज बारवाल्याला नाही म्हटलं की हे हमाल तासाभरात शेठला सांगतील, जया आता निवडून घेते. मग शेठ साबण देणार नाही. मग याच बायका, याच, उद्या डबे घेऊन माझ्या दारात उभ्या राहतील आणि मी कोणाकोणाला वाढू? आणि रोशनी पोट घेऊन रांगेत शेवटी असेल.

"झाकण घेणार," मी म्हटलं. "कोणाचंही घेणार."

उषा माझ्याकडं असं बघून गेली की त्या बघण्याचा मला आजही राग येतो. मी तिला समजावू शकले असते, पण ऐकायला कोण थांबलं होतं? मी मात्र रोशनीकडं धावले. "डबा माझ्याकडं आणून ठेव. आत्ताच्या आत्ता."

ती फळीकडं गेली. डबा जागेवर होता. उचलला तेव्हाच तिला कळलं, हलका लागला. तिनं उघडला नाही. तसाच परत ठेवला आणि खाली बसली, सावकाश, पोट धरून. रडलीही नाही. मला म्हणाली, "ताई, आता तू झाकणांना नाही म्हणालीस तरी चालेल. माझ्याकडं उरलीच नाहीत."

मला पप्पूला धरून रस्त्यावर तुडवावंसं वाटलं. खरं सांगते. त्याला हाक मारली तर तो खोलीत नव्हताच.

शनिवारी सकाळी सुकदेव परत आला, या वेळी पिशवी घेऊन. "ललितभाईनं सांगितलंय, आज गर्दी आहे. या सगळ्यांची ताटं संध्याकाळी पाठवा. अजून एवढीच गल्ल्यात आहेत, ती उद्या."

त्यानं पिशवी माझ्या ओट्यावर रिकामी केली. झाकणं घरंगळली आणि वास आला. पावडरचा. रोशनीच्या डब्यातल्या पावडरचा वास, माझ्या ठेच्याच्या आणि धुराच्या शेडमध्ये. कोंडाबाईंनाही आला. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

मी एक झाकण उचलून नाकाशी धरलं. सुकदेव बिचारा चुळबुळत उभा. त्याचा काय दोष? हमाल जेवता जेवता बघत होते. मी म्हटलं, "जेवढी झाकणं तेवढी ताटं. एकही कमी नाही. ललितभाईला सांग, मी स्वतः घेऊन येते."

तो गेल्यावर कोंडाबाई माझ्यावर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. पोरीच्या तोंडचा घास तू दारूड्यांना वाढणार? मी म्हटलं, "हो. वाढणार. एक झाकण, एक ताट, हे ठरलंय. ताटात काय वाढायचं ते झाकणावर लिहिलेलं नाही. या झाकणांवर मी रोशनीला जे कबूल केलं होतं, तेच वाढणार. बाजरी काढा." त्या पदर खोचून उठल्या.

उषाला मी निरोप धाडला, असेल नसेल तेवढा शेपू आण. ती आली, घुश्शातच. पण शेपूच्या जुड्या निवडताना तिला काय चाललंय ते कळलं आणि ती परत गेलीच नाही. दिवसभर आम्ही तिघी राबलो. अळीव भिजवले, नारळ खवला, गूळ किसला. डिंक तुपात फुलवला. एरवी माझ्या शेडमधून नुसत्या फोडणीनं माणसं शिंकतात, त्या दिवशी सुंठेचा, तुपाचा, ओव्याचा वास. जाणारी-येणारी विचारायची, कोण बाळंत झालं? मी लाडू वळत होते, पण डोक्यात एकच. ललितभाई बडा माणूस. त्यानं ताटं रस्त्यावर फेकली असती तर? तरी झाकणं माझ्या पेटीत असती आणि ताटं त्याच्या दारात पोचलेली असती. मी नाही म्हटलं नव्हतं.

दिवेलागणीला रिक्षात पातेली घालून आम्ही गेलो. बार भरला होता. आम्ही तीन बायका आत शिरलो तशा सगळ्यांच्या माना वळल्या. मी कोणाशी नजर मिळवली नाही. पानं मांडली आणि वाढत सुटले. बाजरीची मऊ भाकरी, शेपूची भाजी, तुपाची धार, मेथीचं वरण, वाटीत अळिवाची खीर, बाजूला डिंकाचा लाडू. मीठ बेताचं. मिरची कशातच नाही. जेवण झाल्यावर खायला चिमूट चिमूट बाळंतशेपा.

एक गिऱ्हाईक घास घेऊन म्हणाला, "आमां तो मरचुं ज नथी." दारूबरोबर तिखट हवं असतं माणसाला, हे मला कळतं. ललितभाई गल्ल्यावरून उठून आला. "बेन, आ शुं छे?"

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातला एक म्हातारा बोलला. वलसाडकडचा असावा, पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. त्यानं खिरीची वाटी हातात घेतली होती. "आ तो सुवावडनुं खावानुं छे," तो म्हणाला. गुजरातीत बाळंतपणाला सुवावड म्हणतात. त्यानं ग्लास बाजूला सरकवला. "कोनी वहु छे?" कोणाची सून, कोणाची बायको, असं तो विचारत होता.

पप्पू पंख्याखालच्या टेबलावर बसला होता. मी आत शिरले तेव्हाच मला दिसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन पान मांडलं आणि सगळ्यांसारखंच वाढलं, तूप जरा जास्त.

"खा," मी म्हटलं. "रोशनीनं तुझ्यासाठी साठवलं होतं म्हणून समज. तिचा सव्वा महिना आहे हा. आजच्या एका बैठकीत किती संपतो ते बघू."

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली, तोंड न लावता. मग शेजारच्या टेबलावरच्यानं लाडू ठेवला. एकेक जण हात काढून घ्यायला लागला. कोणी मला शिवी दिली नाही, कोणी ललितभाईलाही काही बोललं नाही. फक्त उठले. पैसे टेबलावर ठेवून म्हातारा आधी गेला, मग त्याच्याबरोबरचे. शनिवारच्या धंद्याच्या वेळी.

ललितभाईचा चेहरा मी सांगत बसत नाही. तो गल्ल्यावर गेला, खण ओढला आणि उरलेली झाकणं दोन्ही ओंजळींनी काढून माझ्या रिकाम्या पातेल्यात टाकली. "लै जाओ बेन. आ झाकण मारे त्यां हवे नथी चालतुं." मग पप्पूकडं वळून हिंदीत म्हणाला, "तेरा सब रोकड़ा में लिखेगा मैं. झाकण नहीं चलेगा." म्हणजे झाकणांवर प्यायलेलं सगळं आता पप्पूच्या नावावर रोख उधारी. आणि सुकदेवला म्हणाला, सगळ्यांना सांग.

मला तेच हवं होतं. झाकण मी नाकारलं नाही. त्यानं नाकारलं. दोन्हींत किती फरक आहे ते शशिकांत साहेबांनी त्या दिवशी ताट गार करून मला सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यावर चिडले होते. ते समजलं नसतं तर मी सकाळीच सुकदेवला हाकलून दिलं असतं, आणि रविवारी माझं शटर बंद झालं असतं.

पप्पू जेवला नाही. त्यानं पान उचललं, खिरीची वाटी त्यावर ठेवली, वर दुसरं पान झाकलं आणि आमच्या रिक्षामागं चालत घरापर्यंत आला. दारात रोशनी उभी होती. त्यानं ते तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही. मग तो ते पायरीवर ठेवून निघून गेला. त्या दोघांचं पुढं काय, ते मी नाही सांगणार. मला ठाऊक नाही आणि माझा विश्वासही नाही. एवढं मात्र झालं, की पगाराला त्यानं आणून पैसे मोजले, बारमध्ये वाढलेल्या ताटांचे. मी तेवढी झाकणं रोशनीच्या डब्यात परत भरली. गल्ल्यातून आलेली त्याआधीच भरली होती, त्यांनाही तोच पावडरचा वास होता. डबा पुन्हा जड झाला.

मुलगी झाली. सिव्हिलमधून घरी आणली त्या दिवशी पहिलं ताट मी स्वतः घेऊन गेले. खोलीत ओव्याची धुरी, बाळ कापडात गुंडाळलेलं, रोशनी भिंतीला टेकून. मी ताट ठेवलं, तूप घातलं, म्हटलं, जेव, गरम आहे.

तिनं आधी हात लांबवून डबा ओढला, आतून एक झाकण काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

माझा जीव कसनुसा झाला. मला म्हणायचं होतं, राहू दे गं, मी काय परकी आहे, ही सगळी ताटं माझ्याकडून. शब्द ओठांवर होते. मग मी तिच्या हाताकडं बघितलं. ती तो मागं घेत नव्हती. पॅकिंगला उभं राहून, बसमधून उतरून, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत तिनं हे साठवलं होतं. ते मी घेतलं नाही तर ते नुसतं बिघडलेलं झाकण.

मी ते घेतलं आणि कमरेला खोचलं. "उद्या शेपू आहे," मी म्हटलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.